जुने स्पीडमास्टर घ्यावे की नवे?

जानेवारी २०२१ मध्ये ओमेगा कंपनीने आपल्या स्पीडमास्टर मूनवॉच या घड्याळाचे मशीन बदलले. वरवर पाहणाऱ्याला फारसे काही घडल्याचे जाणवलेही नसेल, कारण काळी तबकडी तीच होती, तिच्यातल्या तीन छोट्या तबकड्या त्याच जागी होत्या आणि घड्याळाला रोज हाताने चावी द्यावी लागणार होती तीही पूर्वीसारखीच. तरीही हे घड्याळ घेण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकापुढे तेव्हापासून एक प्रश्न उभा राहतो. सध्या दुकानात मिळणारे, ३८६१ क्रमांकाच्या मशीनचे नवे घड्याळ घ्यावे, की त्याच्या आधीचे, १८६१ मशीनचे, चांगल्या स्थितीतले वापरलेले घड्याळ शोधावे, की आणखी मागे जाऊन १९६० किंवा १९७० च्या दशकातला एखादा जुना नमुना मिळवावा?

हा प्रश्न बहुतेक वेळा ‘यातले सरस कोणते’ अशा रूपात विचारला जातो आणि तिथेच गोंधळाला सुरुवात होते. यंत्र म्हणून नवे घड्याळ सरस आहे, यात वाद घालण्यासारखे काही नाही. पण मशीनमधल्या सुधारणा बहुतांशी न दिसणाऱ्या आहेत, आणि मनगटावर रोज जे जाणवते किंवा पुढच्या वीस वर्षांत ज्यासाठी खिशात हात घालावा लागतो त्या गोष्टी वेगळ्याच आहेत. म्हणून आधी मशीनमध्ये नेमके काय बदलले ते समजून घ्यावे आणि मग त्यातले आपल्या उपयोगाचे किती ते ठरवावे, हा क्रम मला बरा वाटतो.

क्रोनोग्राफ म्हणजे घड्याळातच बसवलेले स्टॉपवॉच. स्पीडमास्टरमधला मधला लांब काटा सेकंदकाटा असला तरी एरवी तो बाराच्या आकड्यावर स्वस्थ उभा असतो. चालू वेळेचे सेकंद डावीकडच्या छोट्या तबकडीत मोजले जातात. वरचे बटण दाबले की लांब काटा धावू लागतो, तेच बटण पुन्हा दाबले की थांबतो आणि खालचे बटण दाबले की एका झटक्यात शून्यावर परततो. उजवीकडची छोटी तबकडी ३० मिनिटांपर्यंत आणि खालची १२ तासांपर्यंतचा हिशेब ठेवते. भोवतालच्या काळ्या कड्यावर जे आकडे असतात ते वेग मोजण्याचे कोष्टक असून त्याला टॅकिमीटर म्हणतात. एक किलोमीटर अंतर कापायला ४५ सेकंद लागले तर काटा कड्यावरच्या ८० या आकड्यासमोर थांबतो, कारण तासाचे ३६०० सेकंद भागिले ४५ म्हणजे ताशी ८० किलोमीटर. मोटारींच्या शर्यतींसाठी केलेली ही सोय आहे आणि घड्याळाचे नावही त्यावरूनच पडले. अंतराळाचा त्याच्याशी संबंध पुढे आला.

बटण दाबल्यावर आत दोन कामे व्हावी लागतात. पहिले जोडणीचे. सतत फिरणारे एक चाक बाजूने सरकत येऊन क्रोनोग्राफच्या स्थिर चाकात आपले दात अडकवते आणि त्याला फिरवू लागते. याला आडवा क्लच म्हणतात. दोन्ही चाकांचे दात अगदी बारीक असले तरी प्रत्येक वेळी दात नेमका खाचेसमोरच येईल असे नसते. दातावर दात आला तर स्थिर चाक तसूभर पुढे किंवा मागे ढकलले जाते. भिंग घेऊन लांब काट्याच्या टोकाकडे पाहत बटण दाबले तर तो सुरू होताना कधी कधी किंचित दचकल्यासारखा हलतो, ते यामुळेच. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो दोष वाटतो, पण तो या रचनेचा स्वभाव आहे. १९५७ च्या पहिल्या स्पीडमास्टरपासून आजच्या मूनवॉचपर्यंत हा आडवा क्लच टिकून आहे, त्यामुळे जुन्या-नव्यातला फरक इथे शोधू नये.

दुसरे काम हुकूम देण्याचे. कोणता तरफदांडा केव्हा सरकावा, कोणता केव्हा मागे यावा हे ठरवणारा एक भाग मशीनमध्ये असतो. १९५७ ते १९६८ या काळातल्या ३२१ मशीनमध्ये हे काम कॉलम व्हील नावाचे चाक करते. किल्ल्याच्या तटावर चर्या असाव्यात तसे या चाकाच्या कडेला छोटे खांब उभे असतात. बटणाच्या प्रत्येक दाबासरशी चाक एक घर पुढे फिरते, त्याबरोबर तरफदांड्यांची टोके खांबावर चढतात किंवा दोन खांबांमधल्या खाचेत पडतात. हे चाक घडवणे किचकट आणि खर्चिक काम होते. १९६८ मध्ये ८६१ मशीन आले तेव्हा चाकाच्या जागी कॅम, म्हणजे खाचा पाडलेला एक चपटा तुकडा, बसवण्यात आला. तो बटणाच्या दाबाने इकडून तिकडे सरकतो. बनवायला तो सोपा आणि वापराला दणकट. फरक बोटाला कळतो. ३२१ चे बटण लोण्यातून सुरी जावी तसे दबते, तर ८६१ च्या वंशातले बटण आधी थोडा विरोध करते आणि मग ‘खट्’ असा आवाज करून बसते. संग्राहकांच्या जगात कॉलम व्हीलला श्रेष्ठ आणि कॅमला काटकसरीचा उपाय म्हणण्याची रीत आहे. बनवण्याच्या खर्चापुरते ते खरेही आहे, पण वेळ मोजण्याच्या कामात कॅम कुठे कमी पडल्याचे माझ्या पाहण्यात नाही, आणि कॅमची परंपरा अर्धशतकाहून अधिक काळ टिकून ३८६१ मध्येही चालू आहे.

आता पिढ्यांची वंशावळ थोडक्यात मांडतो. ३२१ मशीन मुळात लेमानिया या कारखान्याचे. अल्बेर पिगे यांच्या देखरेखीखाली ते १९४० च्या दशकाच्या सुरुवातीस तयार झाले आणि दर तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच, या गतीने चालणारे होते. ८६१ मध्ये ही गती २१,६०० पर्यंत, म्हणजे सेकंदाला सहा ठोक्यांपर्यंत वाढली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेले १८६१ म्हणजे ८६१ चाच मुलामा बदललेला आणि किरकोळ सुधारणा केलेला अवतार. त्यातल्या क्रोनोग्राफचा ब्रेक डेलरिन या प्लास्टिकचा आहे, यावर नाके मुरडणारे पुष्कळ भेटतात, पण प्लास्टिकला वंगण लागत नाही आणि तो झिजला म्हणून घड्याळ बंद पडल्याची तक्रार मी ऐकलेली नाही. ज्यांना मागच्या काचेतून मशीन पाहायचे असे त्यांच्यासाठी त्याची सजवलेली, धातूच्या ब्रेकची आवृत्ती १८६३ या क्रमांकाने मिळत असे. २०२१ मध्ये मूनवॉचमध्ये आलेले ३८६१ मात्र नुसता मुलामा बदललेले नाही. त्याच्या हृदयाचीच शस्त्रक्रिया झालेली आहे.

हे हृदय म्हणजे घड्याळाचे एस्केपमेंट. चावी दिल्यावर मुख्य कमानीत साठलेली शक्ती एकदम उधळून न जाता ठोक्याठोक्याने सुटावी, ही त्याची जबाबदारी. पारंपरिक रचनेत माणकाचे दोन खडे बसवलेली एक बेचकी असते. चाकाचा दात खड्यावरून घसरत जातो आणि घसरता घसरता तोल-चाकाला, म्हणजे ताल धरून मागे-पुढे झुलणाऱ्या चाकाला, ढकलतो. या घसरण्याला तेल लागते. तेल वर्षागणिक घट्ट होते, सुकते किंवा जागेवरून पसरते आणि घड्याळाची अचूकता ढासळू लागते. इंग्रज घड्याळजी जॉर्ज डॅनियल्स यांनी १९७० च्या दशकात शोधलेल्या को-ॲक्शिअल रचनेत दात खड्यावर घसरत जाण्याऐवजी त्याला जवळजवळ सरळ धक्का देतो, म्हणून घर्षण कमी आणि तेलावरचे अवलंबनही कमी. ओमेगाने ही रचना १९९९ पासून इतर घड्याळांत वापरायला सुरुवात केली होती, पण नेहमीच्या मूनवॉचला तिची वाट पाहत दोन दशके काढावी लागली.

त्याच्या जोडीला बाळकमान सिलिकॉनची झाली. केसाइतकी बारीक अशी ही गुंडाळलेली कमान तोल-चाकाला मागे-पुढे झुलवत असते आणि घड्याळाची वेळ मुळात तिच्यावर अवलंबून असते. जुन्या मशीनमध्ये ती धातूची असून चुंबकाजवळ गेली की तिचे वेढे एकमेकांना चिकटू शकतात. तसे झाले की कमानीची कार्यकारी लांबी घटते आणि घड्याळ दिवसाला काही मिनिटेसुद्धा पुढे धावू लागते. आपल्या आसपास आज चुंबक जितके आहेत तितके १९६९ मध्ये नव्हते. फोनच्या पाठीमागे, टॅब्लेटच्या आवरणात, लॅपटॉपच्या झाकणात, स्पीकरमध्ये, पर्सच्या बटणात ते दडलेले असतात. सिलिकॉनवर चुंबकाचा परिणामच होत नाही. ३८६१ मशीनचे घड्याळ १५,००० गॉसच्या चुंबकीय क्षेत्रात तपासलेले असते. ही तपासणी मेटास ही स्वित्झर्लंडची सरकारी मापनसंस्था प्रमाणित करते आणि त्या कसोट्यांना उतरलेले घड्याळ दिवसाला शून्य ते पाच सेकंद पुढे एवढ्याच मर्यादेत राहिले पाहिजे; मागे पडणे चालत नाही. १८६१ ला असे कोणतेही प्रमाणपत्र नव्हते. त्यातली नीट जुळवलेली घड्याळे दिवसाला चार-सहा सेकंदांच्या आत चालताना दिसतात, पण ते घड्याळजीचे कौशल्य असते, कारखान्याचे वचन नव्हे.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. चुंबकाने बिघडलेले जुने घड्याळ कायमचे बिघडत नाही. चुंबकत्व काढून टाकणारे एक लहानसे उपकरण असते. घड्याळ त्याच्याजवळ धरून बटण दाबले आणि हळूहळू दूर नेले की काही सेकंदांत ते पूर्ववत होते. मी हे उपकरण घरीच ठेवले आहे आणि माझ्या १८६१ साठी सहा वर्षांत दोनदा वापरले. तेव्हा केवळ चुंबकाच्या धास्तीने कोणी जुने घड्याळ नाकारू नये, मात्र ज्याचे काम दिवसभर विजेच्या मोटर, स्पीकर किंवा रुग्णालयातल्या यंत्रांच्या सान्निध्यात चालते त्याने नव्यालाच पसंती द्यावी.

आणखी एक बदल छोटा वाटतो, पण वेळ लावताना रोजचा आहे. ३८६१ मध्ये चावी बाहेर ओढली की सेकंदकाटा थांबतो, त्यामुळे घड्याळ सेकंदाबरहुकूम जुळवता येते. त्याच्या आधीच्या ३२१, ८६१, १८६१ या तिन्ही मशीनमध्ये तो थांबत नाही. चावी दिल्यावर घड्याळ किती वेळ चालते याचा फरक नावालाच आहे, आधी ४८ तास आणि आता ५०. चावी कुठल्याही पिढीच्या घड्याळाला रोज सकाळी द्यायचीच असते.

मशीनबाहेरचे बदल मला अधिक महत्त्वाचे वाटतात, कारण ते डोळ्यांना आणि मनगटाला कळतात. नव्या तबकडीची कड एक पायरी उतरून खाली जाते, १९६० च्या दशकातल्या घड्याळांत जात असे तशी. प्रकाश तिरका पडला की त्या पायरीची बारीक सावली दिसते. टॅकिमीटरच्या कड्यावर ९० या आकड्याजवळचा ठिपका पूर्वीप्रमाणे पुन्हा वर गेला आहे. १९७० च्या आसपास तो बाजूला सरकला होता, आणि जुन्या घड्याळाचे कडे मूळचे की बदललेले हे ओळखायला संग्राहक याच ठिपक्याचा आधार घेतात. तबकडीच्या कडेने असलेल्या सेकंदाच्या रेघांमध्येही एक गंमत आहे. १८६१ पर्यंत प्रत्येक सेकंदाचे पाच भाग पाडलेले असत. ते ३२१ च्या सेकंदाला पाच ठोक्यांशी जुळणारे होते, पण ८६१ पासून ठोके सहा झाले तरी रेघा पाचच राहिल्या आणि काटा थांबला की बहुधा दोन रेघांच्या मध्येच कुठे तरी थांबे. नव्या तबकडीवर सेकंदाचे तीन भाग आहेत, म्हणजे प्रत्येक भागाला दोन ठोके. इतक्या वर्षांनी तबकडी आणि मशीन एकमेकांशी खरे बोलू लागले, असे म्हणायला हरकत नाही.

आणि पट्टा! १८६१ च्या शेवटच्या वर्षांतली पोलादी साखळी घड्याळाजवळ २० मिलिमीटर रुंद असून बकलापाशी १८ मिलिमीटरपर्यंतच निमुळती होत असे. हातावर ती जड आणि पसरट वाटते. नवी साखळी २० वरून १५ पर्यंत निमुळती होते, तिच्या कड्या लहान आहेत आणि ती मनगटाच्या वळणाबरोबर वळते. कागदावर घड्याळ दोन्ही पिढ्यांत ४२ मिलिमीटरचेच आहे. मात्र नवे किंचित पातळ असल्यामुळे आणि या साखळीमुळे ते एक आकार लहान असल्यासारखे बसते. लहान मनगटाच्या माणसाने छायाचित्रे पाहून ठरवण्यापेक्षा दोन्ही एकदा हाताला बांधून पाहावीत. माझ्या ओळखीच्या दोन जणांनी मशीनचा तुलनात्मक अभ्यास महिनोन्महिने केला आणि निर्णय शेवटी साखळीवर घेतला. मला त्यात काही चुकीचे वाटत नाही. जुने घड्याळ आवडले पण साखळी आवडली नाही, तर कापडी किंवा चामडी पट्टा हा मार्ग आहेच.

काचेचा प्रश्न जुन्या-नव्याचा नाही, कारण दोन्ही प्रकार दोन्ही पिढ्यांत मिळतात, पण निवड करताना तो हमखास आडवा येतो. हेसलाइट म्हणजे ॲक्रिलिक, एक प्रकारचे प्लास्टिक. भिंतीला किंवा दाराच्या कडीला घासले की त्याला ओरखडा पडतो. मात्र तो घालवणेही तितकेच सोपे असते. मऊ कापडावर पॉलिशच्या मलमाचा वाटाण्याएवढा थेंब घ्यावा, ओरखड्याला आडवे जात तीन-चार मिनिटे दाबून घासावे. आधी काच धुरकट होते, मनात पाल चुकचुकते आणि मग कापडाची कोरडी बाजू फिरवली की ओरखडा गेलेला असतो. हेसलाइट फुटले तरी त्याच्या ठिकऱ्या उडत नाहीत, आणि वजनरहित यानात काचेचे कण तरंगणे परवडणारे नसल्यामुळे नासाच्या घड्याळांना तीच काच होती. दुसरा प्रकार नीलमण्याच्या काचेचा. तिला ओरखडा जवळजवळ पडतच नाही, पण जोराचा फटका बसला तर ती तडकते, आणि तिरक्या कोनातून पाहिल्यास तिच्या कडेला दुधाळ वर्तुळ दिसते. त्या आवृत्तीत मागच्या बाजूलाही काच असते, म्हणून मशीन पाहता येते. काळजी करण्याचा स्वभाव असेल तर नीलमणी घ्यावा. मी स्वतः हेसलाइटचा पक्षपाती आहे, कारण त्यातून तबकडी पाण्याखालच्या खड्यासारखी उबदार दिसते.

आता चंद्राविषयी, कारण या घड्याळाच्या विक्रीत त्याचा वाटा मशीनपेक्षा मोठा आहे. नासाने घेतलेल्या तपासण्यांत स्पीडमास्टरने ९३ अंश सेल्सिअसपर्यंतची उष्णता, उणे १८ अंशांची थंडी, निर्वात पोकळी, दमटपणा, धक्के आणि कंपने सोसली आणि मार्च १९६५ मध्ये सर्व मानवी अंतराळमोहिमांसाठी ते पात्र ठरले. जुलै १९६९ मध्ये बझ ऑल्ड्रिन ते मनगटावर बांधून चंद्रावर उतरले. नील आर्मस्ट्राँग यांनी आपले घड्याळ चांद्रयानातच ठेवले होते, कारण यानातले इलेक्ट्रॉनिक वेळमापक बिघडले होते. १९७० मध्ये अपोलो १३ यान संकटात सापडल्यावर मार्ग सुधारण्यासाठी इंजिन १४ सेकंद चालवायचे होते आणि ते सेकंद जॅक स्विगर्ट यांनी याच घड्याळावर मोजले. पण चंद्रावर गेलेल्या त्या घड्याळांमध्ये ३२१ मशीन होते. ८६१ ची पाळी स्पेस शटलसाठी १९७८ मध्ये झालेल्या फेरतपासणीच्या वेळी आली. त्यामुळे १८६१ ‘अस्सल चांद्रघड्याळ’ आणि ३८६१ ‘नवखे’ अशी विभागणी करून कोणी जादा किंमत सांगू लागला, तर ती विभागणी इतिहासाला धरून नाही. दोन्ही त्या घराण्यातलीच आहेत, फक्त एक नातू आणि एक पणतू.

ज्याला खरोखर त्या काळातलेच घड्याळ हवे आहे त्याने मात्र घड्याळ निवडण्याआधी विक्रेता निवडावा. साठ वर्षांच्या घड्याळात मशीन चालते की नाही हा प्रश्न दुय्यम असतो, कारण ते दुरुस्त होऊ शकते. त्याची किंमत ठरते ती तबकडी, काटे, कडे आणि केस, म्हणजे घड्याळाचे बाहेरचे धातूचे कवच, मूळचे आहे की नाही यावर. अंधारात चमकणाऱ्या लेपाकडे पाहा, ज्याला आपण बोलण्यात सरसकट ‘रेडियम’ म्हणतो. सुरुवातीच्या काही नमुन्यांत तो खरोखरच रेडियमचा होता, १९६० च्या दशकात ट्रिटियम आले आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सर्ग नसलेला सुपर-लुमिनोव्हा. ट्रिटियमची तीव्रता साधारण बारा वर्षांनी निम्मी होते, म्हणून १९६८ चे घड्याळ अंधारात टॉर्चच्या उजेडानंतर मिनिटभर झगझगीत चमकत राहिले तर त्याचा लेप नंतर भरलेला आहे किंवा तबकडीच बदललेली आहे, असे समजावे. काट्यांवरचा लेप पांढरा आणि तबकडीवरचा मधाच्या रंगाचा असेल, तर काटे नंतर आलेले असण्याची शक्यता मोठी.

फसवणूक किती वरच्या पातळीवर होऊ शकते याचे उदाहरण अलीकडचेच आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात १९५७ च्या पहिल्या पिढीतल्या एका स्पीडमास्टरचा लिलाव ३१ लाखांहून अधिक स्विस फ्रँकना झाला. घेणारे ओमेगाचे संग्रहालयच होते. २०२३ मध्ये कंपनीने जाहीर केले की ते घड्याळ वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून तयार केलेले होते आणि त्यात कंपनीच्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. जिथे खुद्द निर्मात्याच्या संग्रहालयाची ही गत, तिथे चार छायाचित्रे पाहून पैसे पाठवणाऱ्या हौशी माणसाने आपल्या पारखीवर किती विसंबावे?

खरेदीनंतरचा धोका वेगळाच. माझ्या एका परिचितांनी १९७१ चे, धारदार कडांचे घड्याळ एका कार्यशाळेत साफसफाईसाठी दिले. महिन्याभराने ते आरशासारखे लखलखीत होऊन परत आले. केसच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या, काटे नवेकोरे आणि जुने काटे सोबत दिलेलेही नाहीत. कार्यशाळेच्या दृष्टीने त्यांनी उत्तम काम केले होते. त्यांना कोणी थांबवले नव्हते एवढेच. जुने घड्याळ दुरुस्तीला देताना ‘पॉलिश करू नये, तबकडी व काटे बदलू नयेत, बदललेला प्रत्येक भाग परत द्यावा’ ही तीन वाक्ये पावतीवर लिहून घेतल्याशिवाय ते हातातून सोडू नये. पाण्यापासूनही त्याला दूर ठेवावे. ५० मीटरपर्यंत पाणी आत न शिरण्याचा आकडा नव्या रबरी कड्यांपुरता खरा असतो.

देखभालीच्या हिशेबात ८६१ आणि १८६१ यांचे पारडे जड आहे, ही त्यांची न सांगितली जाणारी बाजू. हे मशीन इतकी वर्षे आणि इतक्या संख्येने बनले की ते आतून-बाहेरून ओळखणारा स्वतंत्र घड्याळजी शोधणे अवघड जात नाही. ३८६१ चे को-ॲक्शिअल एस्केपमेंट जुळवायला वेगळे शिक्षण लागते आणि सुटे भाग कंपनीने मान्यता दिलेल्या कार्यशाळांच्या हातात असतात, म्हणजे व्यवहारात घड्याळ कंपनीकडेच जाणार. सुरुवातीची पाच वर्षे हमी असल्यामुळे त्याची झळ लागत नाही, पुढे लागेल. उलट को-ॲक्शिअलला साफसफाई कमी वेळा लागेल असा हिशेब मांडता येतो, पण मशीनमधल्या बाकीच्या चाकांना तेल लागतेच, आणि एस्केपमेंट ताजे आहे म्हणून त्यांचे तेल सुकायचे थांबत नाही.

या सगळ्यावरून माझा कल असा. ज्याच्याकडे हे एकच चांगले घड्याळ असणार आहे आणि जो ते रोज वापरणार आहे त्याने ३८६१ घ्यावे, तेही शक्यतो साखळीसह, कारण साखळी नंतर वेगळी घ्यायला महाग पडते. ज्याला कमी पैशांत तेच रूप हवे आहे आणि ओळखीचा भरवशाचा घड्याळजी आहे, त्याच्यासाठी १८६१ हा शहाणा सौदा आहे. मूळ पेटी, कागदपत्रे आणि सर्व्हिसची पावती असलेला नमुना मिळेपर्यंत थांबावे. ट्रिटियमच्या काळातले ८६१ मला या सर्वांत सुंदर वाटते, पण ते दुसरे किंवा तिसरे घड्याळ म्हणून. ३२१ च्या मागे लागणाऱ्याने वर्षभर नुसते वाचावे आणि पाहावे. त्या मशीनचा मोह आहे पण जुन्याची धाकधूक नको, अशांसाठी ओमेगाने २०२० मध्ये ३२१ पुन्हा बनवून ३९.७ मिलिमीटरच्या पोलादी घड्याळात बसवले; मात्र ते थोड्याच संख्येने बनते आणि त्याची किंमत नेहमीच्या मूनवॉचच्या फार पलीकडे जाते.

वापरलेले कोणतेही घड्याळ हाती आले की पैसे देण्याआधी अर्धा तास त्याच्यासोबत बसायला मिळावे, असा आग्रह धरावा. पूर्ण चावी द्यावी, क्रोनोग्राफ सुरू करावा आणि मिनिटांचा छोटा काटा प्रत्येक साठाव्या सेकंदाला नीट पुढच्या रेघेवर जातो का ते पाहावे. मग थांबवून शून्यावर आणावे. तिन्ही काटे अगदी उभ्या रेघेवर यायला हवेत, केसभरही डावी-उजवीकडे नकोत. हे चार-पाच वेळा करावे. शेवटी क्रोनोग्राफ थांबलेला असताना, शून्यावर असताना, खालच्या तबकडीतल्या तासकाट्याकडे लक्ष ठेवावे. ८६१ आणि १८६१ मध्ये आतले तेल सुकले किंवा तासांच्या चाकाचा ब्रेक नीट धरत नसला की हा काटा कोणी न सांगता हळूहळू पुढे सरकू लागतो. पाच-दहा मिनिटांत तो शून्यावरून हललेला दिसला, तर ‘नुकतीच सर्व्हिस करून घेतली आहे’ हे विक्रेत्याचे म्हणणे बाजूला ठेवावे आणि सर्व्हिसचा पूर्ण खर्च किमतीतून वजा करूनच पुढचे बोलावे.